इंट म्हणजे नेमकं किती? सी भाषेतल्या मापांची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे. तर्कशास्त्र शिकवत होतात. हे ड्रायव्हर-बिव्हर कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्याकडे खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप आहे. खालचा हौद कोरडा पडला की पंप नुसताच फिरतो आणि तापतो. शेजारच्या इमारतीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणाला, मी त्याला छोटा आर्डुइनो बोर्ड लावून देतो. पंप सुरू झाल्यावर एका मिनिटात वर धार पडली नाही, तर पंप आपोआप बंद. त्याने आधी सगळा तर्क लॅपटॉपवर लिहून तपासला. मी तिथे बसून पाहिलं, शंभर टक्के बरोबर चालत होतं. मग तोच मजकूर बोर्डावर चढवला. तीन आठवड्यांनी हौद कोरडा पडला, पंप रात्रभर फिरत राहिला आणि मोटार जळाली. सोसायटीच्या सभेत त्या पोराला जे ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही. मी त्याचा जामीन असल्यासारखा शेजारी बसलो होतो, मलाही थोडं ऐकावं लागलं. (हशा)

चूक कुठे होती? एका शब्दात. त्याने गेलेला वेळ मोजायला 'इंट' हा प्रकार वापरला होता. मिनिटाचे मिलिसेकंद होतात ६०,०००. लॅपटॉपवर इंट ३२ बिटांचा, त्यात दोन अब्जांपर्यंतचे आकडे मावतात. त्या बोर्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर इंट १६ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७. त्याच्या पुढे गेला की आकडा उलटून उणे होतो. म्हणजे 'गेलेला वेळ ६०,००० पेक्षा जास्त झाला का?' या प्रश्नाचं उत्तर त्या बोर्डावर कधीच 'हो' येणार नव्हतं. तर्क निर्दोष होता. माप दुसऱ्या गावचं होतं.

माझ्यासारख्या तर्कशास्त्राच्या मास्तराला हे बोचलं. एकच वाक्य, तीच अक्षरं, एका यंत्रावर खरं आणि दुसऱ्यावर खोटं! हा 'इंट' नावाचा प्राणी असा का, ते शोधायला मी बसलो. त्या शोधाची गोष्ट आज सांगतो.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना धान्याची मापं आठवत असतील. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. संगणकातली मापं अगदी तशीच आहेत: ८ बिट, १६ बिट, ३२ बिट, ६४ बिट. ८ बिटांच्या मापाला बाइट म्हणतात, त्यात ० ते २५५ असे २५६ आकडे बसतात. १६ बिटांत ६५,५३६. ३२ बिटांत चार अब्जांहून थोडे जास्त. माप भरलं की पुढचा दाणा बाहेर सांडतो आणि माप रिकामं दिसतं. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसं. आणि शेर जसा गावोगाव वेगळा असे, तसाच हा इंटही. नाव एक, माप त्या त्या बाजाराचं.

आता दुसरा शब्द, ड्रायव्हर. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्कचं कार्ड अशा उपकरणांशी संगणकाच्या वतीने बोलणारा जो मजकूर असतो तो ड्रायव्हर. उपकरणाच्या पोटात काही ठरावीक कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कुठला कप्पा किती बिटांचा, हे उपकरण बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. तिथे आपल्या सोयीचं माप चालत नाही. दुकानदाराच्या डब्याचं झाकण जेवढं, तेवढंच माप आत जाणार.

मला आधी वाटलं होतं की 'टाइप' ही कल्पना आमच्या घरातली. बर्ट्रांड रसेलने १९०८ साली प्रकारांचा सिद्धान्त मांडला, तो गणितातल्या विरोधाभासांतून सुटण्यासाठी. मी मोठ्या उत्साहाने रसेलपासून सी भाषेपर्यंत वंशावळ काढायला निघालो. हाती काय लागलं? सीच्या मापांच्या मुळाशी रसेल नाही. तिथे आहे १९७० साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आलेलं एक नवं यंत्र.

त्याच्या आधीची परिस्थिती थोडक्यात सांगतो. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्सने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीसीपीएल नावाची भाषा केली. तिच्यात प्रकार नव्हतेच. एकच एक गोष्ट: यंत्राचा शब्द, म्हणजे यंत्र एका घासात घेतं तेवढे बिट. तो आकडा आहे, की अक्षर आहे, की पत्ता, हे ज्याचं त्याने ध्यानात ठेवायचं. अद्वैतच म्हणा ना. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सनने त्याच वळणाची छोटी भाषा केली, तिचं नाव 'बी'. ती ज्या पीडीपी-७ वर चालायची त्याचा शब्द १८ बिटांचा होता आणि सगळी मेमरी ८ हजार शब्दांची. त्या यंत्रावर हे अद्वैत खपून गेलं.

मग आलं पीडीपी-११. मेमरी २४ किलोबाइट. प्रोसेसर आधी आला, डिस्क यायला काही महिने लागले. तोवर ते यंत्र ६ गुणिले ८ च्या बुद्धिबळाच्या पटावर घोड्याच्या बंदिस्त फेऱ्या मोजत बसवलं होतं. डिस्कची वाट पाहणारी माणसंही कशी रमतात पाहा. असो. या यंत्राचं वैशिष्ट्य असं की त्याचा शब्द १६ बिटांचा, पण पत्ता बाइटाला. म्हणजे प्रत्येक ८ बिटांच्या घराला स्वतंत्र नंबर. बी भाषेला हे पचेना. अक्षरं बाइटात बसणारी, भाषेला मात्र फक्त शब्दच माहीत. त्यामुळे प्रत्येक अक्षर काढायला-ठेवायला वेगळी खटपट. पत्तेही बी भाषेत शब्दांच्या क्रमांकाने धरलेले, यंत्राला हवे बाइटांच्या हिशेबात. म्हणजे दर वेळी गुणाकार. शिवाय अपूर्णांक हाताळणारं यंत्र येऊ घातलं होतं, आणि अपूर्णांक १६ बिटांत मावणार नव्हता.

या तिन्ही अडचणी अगदी व्यावहारिक होत्या. त्यातून १९७१ साली डेनिस रिचीने भाषेत दोन प्रकार घातले: इंट आणि कॅर. इंट म्हणजे यंत्राचा शब्द, कॅर म्हणजे बाइट. १९७२-७३ च्या सुमारास त्या भाषेची सी झाली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सी मध्ये पुन्हा लिहिला गेला. म्हणजे सीमध्ये प्रकार आले ते सत्य सांगण्यासाठी आलेच नाहीत, वेग वाचवण्यासाठी आले. ही गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम लक्षात ठेवायला सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ इथून निघतो. इंट या शब्दाचा अर्थ 'पूर्णांक' असा पाठ्यपुस्तकात लिहितात. त्याचा खरा अर्थ पहिल्या दिवसापासून 'या यंत्राला जे माप हाताला सोपं ते' असा होता.

त्या काळचा ड्रायव्हर वाचायला मिळतो. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा मजकूर जॉन लायन्स या ऑस्ट्रेलियातल्या प्राध्यापकाने १९७७ साली टीपांसकट विद्यार्थ्यांसाठी छापला होता. मी तो आमच्याकडे जुनी भाष्यं वाचतात तसा वाचला; भाष्य हा प्रकार आपल्याला नवा नाही. टंकपटलाचा, म्हणजे टर्मिनलचा ड्रायव्हर पाहा. पीडीपी-११ च्या पत्त्यांतला सगळ्यात वरचा ८ किलोबाइटचा भाग उपकरणांसाठी राखलेला. तिथल्या एका पत्त्यावर टर्मिनलचे चार कप्पे ओळीने: अक्षर आलं का, आलेलं अक्षर, पाठवायला मोकळं आहे का, पाठवायचं अक्षर. आणि सीमध्ये त्याचं वर्णन काय? चार इंट, एकाखाली एक. बस्स. किती देखणं! कप्पे १६ बिटांचे, इंट १६ बिटांचा, झाकण बरोबर बसलं.

आणि हेच चार इंट ३२ बिटांच्या यंत्रावर नेले की प्रत्येक माप दुप्पट होतं. दुसरा इंट तिसऱ्या कप्प्यावर जाऊन पडतो, तिसरा शेजारच्या उपकरणात.

हे लवकरच अनुभवाला आलं. १९७७-७८ मध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या ३२ बिटांच्या यंत्रावर नेलं. तिथे आणखी एक गंमत निघाली. दोन बाइटांच्या आकड्यातला लहान हिस्सा आधी ठेवायचा की मोठा, यावर दोन यंत्रांचं एकमत नव्हतं. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, तसंच. एका यंत्रावर ठेवलेलं 'युनिक्स' हे नाव दुसऱ्यावर वाचलं की जोडीजोडीने अक्षरं उलटून 'नक्सी' असं काहीतरी दिसायचं. त्या दुखण्याला आजही तेच नाव आहे.

आणखी एक अवशेष दाखवतो. फाइलमध्ये अमुक ठिकाणी जा, असं सांगणाऱ्या आज्ञेचं नाव आधी 'सीक' होतं. तिला जागा सांगायची ती इंटमध्ये. १६ बिट, म्हणजे ६४ किलोबाइटपर्यंतच हात पोचणार. मोठ्या फाइलींसाठी मग ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजायची वेगळी सोय केली, शेरात मावेना म्हणून पोत्यात मोजल्यासारखी. पुढे भाषेत 'लाँग' हे मोठं माप आलं आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ती आज्ञा 'एलसीक' झाली. तो 'एल' लाँगचा. आज आपल्या फोनच्या पोटातसुद्धा ती एलसीकच आहे.

कॅरचीही गोष्ट अशीच. पीडीपी-११ बाइट उचलताना त्याचं उणे-अधिक चिन्ह सोबत पसरवायचं, म्हणून तिथे कॅर उणे होऊ शकायचा. एआरएम प्रोसेसर सुरुवातीला बाइट उचलायचे ते नुसते, चिन्हाशिवाय. तिथे कॅर कधीच उणे नाही. प्रमाण भाषा ठरवणाऱ्यांनी दोन्ही घरं सांभाळली आणि लिहिलं की कॅरला चिन्ह आहे की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. परिणाम असा: 'मजकूर संपला' ही खूण सहसा उणे १ असते. ती कॅरमध्ये ठेवून तपासणारा ड्रायव्हर इंटेलवर चालेल आणि एआरएमवर शेवट कधी सापडणारच नाही. आमच्या पंपाचा हा मोठा भाऊ.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कार्यक्षम माप कुठलं? बहुतेक नवशिके म्हणतात, लहान असेल ते. ० ते १०० मोजायचं आहे ना, मग बाइट घ्या, चार बाइट कशाला वाया घालवता? आपल्या मध्यमवर्गीय संस्कारांना हे पटतं. पण यंत्राच्या बाबतीत ही काटकसर बहुतेक ठिकाणी खोटी ठरते.

एआरएमचंच घ्या. त्याच्या हातात येणारी प्रत्येक वस्तू ३२ बिटांच्या तळहातावर बसते. तुम्ही हातातल्या मोजणीसाठी ८ बिटांचं माप सांगितलंत, तर बेरीज झाल्यावर 'आता वरचे २४ बिट पुसून टाक' अशी वेगळी आज्ञा कंपायलरला बऱ्याचदा घालावी लागते. जागा वाचली नाहीच, वर काम वाढलं. मग बाइटांनी काय वाचतं? मेमरीत हजारो नोंदी ओळीने मांडायच्या असतील तर लहान माप वाचवतं. म्हणजे कोठारातलं माप वेगळं, हातातलं वेगळं, आणि उपकरणाच्या दारातलं तिसरंच. दारात तर निवडच नाही.

'दारात निवड नाही' म्हणजे काय, याचं माझं आवडतं उदाहरण अल्फा प्रोसेसरचं आहे. डेक कंपनीने १९९२ साली ६४ बिटांचा अतिशय वेगवान प्रोसेसर काढला. वेगासाठी त्यांनी एक गोष्ट गाळली: मेमरीतून एकटा बाइट उचलण्याची किंवा ठेवण्याची आज्ञाच नाही. कमीत कमी ३२ बिट. एक बाइट बदलायचा तर चार उचला, त्यातला एक बदला, चारही परत ठेवा. साध्या मेमरीत हे चालून जातं. उपकरणात चालत नाही. तिथे नुसतं वाचणं हीसुद्धा कृती असते. कप्पा वाचला की आतलं अक्षर 'घेतलं गेलं' असं उपकरण समजतं. शेजारचे तीन कप्पे विनाकारण वाचून पुन्हा लिहिणं म्हणजे एका घराची घंटा वाजवताना अख्ख्या मजल्याच्या वाजवणं. त्यांना शेवटी पत्त्यांचं विरळ पसरलेलं वेगळं क्षेत्र करावं लागलं, कुठला बाइट हवा ते पत्त्यातच गुंफून. पुढच्या प्रोसेसरांत बाइटाच्या आज्ञा मुकाट्याने परत आल्या.

उलटंही होतं. आमच्या पंपाच्या बोर्डावरचा प्रोसेसर ८ बिटांचा, मेमरी अवघी २ किलोबाइट. तिथे १६ बिटांचा आकडा वाचायला दोन घास लागतात. पहिला घास घेतला आणि मध्येच घड्याळाने व्यत्यय आणून आकडा २५५ चा २५६ केला, तर अर्धा जुना आणि अर्धा नवा असा तिसराच आकडा हाती येतो, जो कधी अस्तित्वातच नव्हता. तिथे बाइट खरोखरच कार्यक्षम आहे, आणि सुरक्षितही, कारण तो एका घासात येतो. म्हणून 'लहान घ्या' किंवा 'मोठं घ्या' असा नियम करता येत नाही. यंत्राचा घास किती, हे आधी विचारावं लागतं.

आता जरा गंभीर प्रकरणाकडे येतो.

थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं किरणोपचाराचं यंत्र. अशी ११ यंत्रं अमेरिका आणि कॅनडात बसवली होती. १९८५ ते १९८७ या काळात त्यांच्याकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले गेले, त्यांतले काही दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये त्याचा सविस्तर शोध प्रसिद्ध केला. चुका एकाहून जास्त होत्या. मी आज फक्त शेवटच्या अपघाताबद्दल बोलतो, जानेवारी १९८७, गाव याकिमा, वॉशिंग्टन राज्य.

या यंत्रात एक फिरता चकतीसारखा भाग होता. उपचाराच्या स्थितीत त्यावरची उपकरणं किरणांसमोर येऊन त्यांना सौम्य करत, पसरवत. एका स्थितीत मात्र तिथे फक्त दिवा आणि आरसा असे, रुग्णाला नीट झोपवण्यासाठी. त्या स्थितीत किरण सोडणं म्हणजे अनर्थ. आधीच्या यंत्रात हे अडवायला स्वतंत्र विजेची कुलुपं होती. या यंत्रात ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. सॉफ्टवेअर चालायचं पीडीपी-११ वर. आपलंच जुनं यंत्र.

आत 'क्लास-३' नावाचा एक बाइट होता. त्याचा अर्थ असा: शून्य असेल तर चकतीची जागा तपासायची गरज नाही, शून्य नसेल तर तपासा. म्हणजे हो-नाहीचा प्रश्न. पण 'तपासा' असं सांगायला तिथे १ लिहिला जात नव्हता. तयारीची फेरी चालू असताना दर फेरीला त्या बाइटात एक मिळवला जात होता. १, २, ३... शून्य सोडून काहीही म्हणजे 'तपासा', त्यामुळे चालून जायचं. पीडीपी-११ वर एक मिळवण्याची आज्ञा १ लिहिण्याच्या आज्ञेपेक्षा आखूडही असते. पण बाइटात २५५ नंतर काय? शून्य. दर २५६ व्या फेरीला तो बाइट क्षणभर म्हणायचा, 'तपासायची गरज नाही'. त्याच क्षणी चालकाने 'सेट'चं बटण दाबलं, तर चकती चुकीच्या जागी असूनही यंत्राला सगळं ठीक वाटे. याकिमात तो क्षण जुळला. रुग्णाला सगळे मिळून ८६ रॅड मिळायचे होते. मिळाले अंदाजे ८,००० ते १०,०००. एप्रिलमध्ये तो गेला.

दुरुस्ती काय केली? एक मिळवण्याऐवजी शून्य नसलेला ठरावीक आकडा लिहायला लागले. एवढीच.

ही हकीकत सांगणारे बहुतेक लोक म्हणतात, बाइट लहान पडला. मला हे निदान अर्धवट वाटतं. बाइटाऐवजी १६ बिट घेतले असते तर दर ६५,५३६ व्या फेरीला तेच झालं असतं. अपघात दुर्मीळ झाला असता, आणि दुर्मीळ दोष शोधायला जास्त कठीण. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने प्रवर्गदोष म्हणून एक चूक सांगितली आहे: एका जातीच्या गोष्टीला दुसऱ्या जातीत बसवणं. हो-नाहीला मोजणीच्या मापात ठेवणं ही ती चूक. हो-नाहीच्या प्रश्नाला दोन उत्तरं असतात, २५६ नसतात. 'किती बिट?' हा प्रश्न त्यानंतरचा. 'कशाचं माप?' हा पहिला.

आणि इथे, मंडळी, माझा रसेल मागच्या दाराने परत आला. वेगासाठी घरात घेतलेले प्रकार हळूहळू अर्थ सांगायच्या कामाला लागले. १९९९ च्या सी प्रमाणात मापांची तीन कुळं आली. एक अचूक: बरोबर १६ बिट, कमी नाही की जास्त नाही. दुसरं किमान: निदान १६ तरी. तिसरं जलद: निदान १६, पण या यंत्राला जे वेगवान ते द्या. हे तिसरं कुळ फार शिकवतं. ६४ बिटांच्या इंटेल यंत्रावर, नेहमीच्या लिनक्समध्ये 'जलद १६' मागितलं की ६४ बिट मिळतात. चौपट! सोळा मागणाऱ्याला वाटावं, आपली थट्टा चालली आहे. त्या ग्रंथालयाच्या मते मात्र तोच मोठा घास जलद. हे जलद माप चुकून उपकरणाच्या कप्प्यांच्या वर्णनात वापरलं, तर जे होईल ते आपण टर्मिनलच्या चार इंटांत पाहिलंच आहे.

लिनक्सच्या गाभ्यात ड्रायव्हर लिहिणारे त्याहून पुढे गेले. यू८, यू१६, यू३२, यू६४ अशी आखूड नावं तर त्यांनी ठेवलीच. शिवाय '३२ बिट, लहान हिस्सा आधी' आणि '३२ बिट, मोठा हिस्सा आधी' असे दोन वेगळे प्रकार केले. यंत्राला दोन्ही सारखेच, ३२ बिट. फरक फक्त वाचणाऱ्या माणसाला आणि स्पार्स नावाच्या तपासनीस प्रोग्रॅमला दिसतो. एकाचा दुसऱ्यात न सांगता वापर केला की तो हटकतो. नक्सीचं दुखणं असं पंचवीस वर्षांनी कागदावर पकडलं गेलं. वेगात याने कणभर फरक पडत नाही, बरं का. हा प्रकार केवळ अर्थासाठी आहे.

तरीही सगळं सुटलेलं नाही. लाँग हे माप ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचं आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ चं. आणि मापं अचूक ठरवूनही मांडणीत फट राहते. आधी ३२ बिटांचा आकडा आणि मग ६४ बिटांचा, अशी जोडी घ्या. ३२ बिटांच्या इंटेलवर ती १२ बाइटांत बसते. ६४ बिटांच्या इंटेलवर मोठा आकडा आठाच्या पाढ्यातल्या पत्त्यावरच ठेवायचा असतो, म्हणून मध्ये चार बाइट मोकळे सुटतात आणि जोडी १६ ची होते. जुनं ३२ बिटांचं ॲप नव्या गाभ्यातल्या ड्रायव्हरशी बोलायला गेलं की दोघं एकाच अर्जाचे वेगवेगळे रकाने वाचतात. जाणती मंडळी म्हणून तो मोकळा रकाना नाव देऊनच लिहितात, आणि त्यात शून्य भरलंय ना तेही तपासतात.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, ती मी व्याख्यानातच घेतो: मोजणारं माप कधी ना कधी उलटणारच, मग घड्याळाचं काय करायचं? चांगला प्रश्न. ३२ बिटांत मिलिसेकंद मोजले की ते ४९.७ दिवसांनी उलटतात. विंडोज ९५ ला हा आजार होता, ४९.७ दिवस न थांबता चालू ठेवलं की ते गोठायचं. इतके दिवस ते चालू ठेवणारे लोक थोडे, म्हणून दोष बरेच दिवस कोणाच्या लक्षात आला नाही. यावर खरा उपाय वजाबाकीचा आहे. रात्री अकराला झोपून दोनला उठलो तर आपण 'उणे नऊ तास झोपलो' म्हणत नाही, तीन तास म्हणतो. चिन्ह नसलेल्या मापात 'आत्ता' मधून 'तेव्हा' वजा केलं की उलटलेल्या घड्याळावरही बरोबर उत्तर येतं. फक्त दोन क्षणांची थेट तुलना करायची नाही, फरकाची करायची.

पण ड्रायव्हर लिहिणारा हे विसरला, तर कळणार कसं? ४९ दिवस कोण वाट पाहणार? लिनक्सवाल्यांनी इथे एक मोठी खट्याळ युक्ती केली. त्यांचं अंतर्गत घड्याळ यंत्र सुरू होताना शून्यापासून सुरू होतच नाही. ३२ बिटांचं माप भरायला पाच मिनिटं उरलीत अशा जागेपासून ते सुरू होतं. म्हणजे ज्याच्या ड्रायव्हरमध्ये ही चूक आहे, त्याला ती यंत्र लावल्यावर पाचव्या मिनिटाला भेटते, त्याच्या टेबलावर.

हे मी त्या पंपवाल्या मुलाला सांगितलं. सभेनंतर तो महिनाभर आमच्याकडे फिरकला नव्हता. एका रविवारी आला, बोर्ड पिशवीत घालून. गेलेल्या वेळासाठी ३२ बिटांचं चिन्हाविना माप घातलं होतं, तुलना फरकाची केली होती. आणि घड्याळाचा आकडा त्याने असा भरला होता की मी चहा टाकेपर्यंत तो उलटावा. आम्ही दोघं गच्चीवर टाकीशेजारी उभे राहिलो, हातात कप घेऊन. खाली हौदाचा व्हॉल्व्ह त्याने मुद्दाम बंद करून ठेवला होता. पंप सुरू झाला. आकडा उलटला. मिनिट व्हायच्या आधी पंप बंद होतो की काय, अशी मला उगाच धास्ती. त्याचं लक्ष मात्र घड्याळाकडे होतं. बरोबर साठाव्या सेकंदाला खट्ट झालं.